पोर्टलंडच्या डाउनटाउनमध्ये मॅक्स: आधी रस्ता, मग गाडीचा रंग

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ‘पायोनियर’ हे नाव लागणारी मॅक्स या शहरी रेल्वेची चार स्टेशनं आहेत, आणि चारही लागून असलेल्या दोन ब्लॉकांच्या कडेकडेने आहेत. एक मॉरिसन रस्त्यावर, एक यॅमहिलवर, एक पाचव्या अव्हेन्यूवर आणि एक सहाव्यावर. नवा माणूस फोनमध्ये ‘पायोनियर’ एवढंच वाचतो आणि समोर दिसेल त्या फलाटावर उभा राहतो. मॅक्सच्या प्रत्येक मार्गाला एका रंगाचं नाव आहे. मग हा माणूस एकतर उलट दिशेच्या गाडीत बसतो, नाहीतर त्याच्या रंगाची गाडी त्या फलाटावर येतच नसते म्हणून ताटकळतो. डाउनटाउनमधल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच असतं. म्हणून तिकिटाच्याही आधी रस्त्यांचं गणित समजून घ्यावं.

स्टेशन म्हणजे फुटपाथच

मॅक्स ही ट्रायमेट या सार्वजनिक संस्थेची लाइट रेल. १९८६ मध्ये ती ग्रेशम ते डाउनटाउन सुरू झाली आणि १९९८ मध्ये रूळ पश्चिमेला हिल्सबरोपर्यंत पोचले. डाउनटाउनच्या बाहेर ती आपल्या स्वतंत्र रुळांवरून आगगाडीसारखी पळते. आत शिरली की ट्राम होते. रूळ रस्त्यातच, सिग्नल रस्त्याचेच, आणि स्टेशन म्हणजे फुटपाथचा एक लांबट तुकडा. ना जिना, ना फाटक, ना तिकीट खिडकी. छप्पर, तिकिटाचं यंत्र, कार्ड टेकवायचा खांब आणि नावाची पाटी, एवढाच संसार. शेजारच्या दुकानाचं दार आणि तुमचा फलाट यांत दोन पावलांचं अंतर असतं, त्यामुळे पहिल्यांदा येणारा कितीतरी वेळ स्टेशनातच उभा राहून ‘स्टेशन कुठे आहे’ विचारत असतो.

इथले ब्लॉक २०० फूट, म्हणजे जेमतेम ६१ मीटर लांब. गाडी याहून लांब असती तर थांबल्यावर तिने आडवा रस्ता अडवला असता. म्हणून मॅक्सला दोनच डबे. गर्दीच्या वेळी ‘अजून दोन डबे का जोडत नाहीत’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. उत्तर या ब्लॉकच्या लांबीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डाउनटाउनच्या मुख्य भागात रूळ एकेरी रस्त्यांतून गेले आहेत. जाणारी गाडी एका रस्त्याने जाते, येणारी शेजारच्या रस्त्याने येते. लोकलच्या स्टेशनावर पूल ओलांडून समोरच्या फलाटावर जायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते. परतीचा फलाट समोर नसतो. तो एक ब्लॉक पलीकडे, दुसऱ्याच रस्त्यावर आणि बऱ्याचदा दुसऱ्याच नावाने असतो. सकाळी ‘लायब्ररी’ स्टेशनावर उतरलात तर संध्याकाळी परत जायला ‘गॅलेरिया’ शोधावं लागतं, कारण दोन्ही एकाच जागेच्या दोन दिशा आहेत.

चार रस्ते पाठ करा

मॉरिसन: गाड्या पश्चिमेकडे. हिल्सबरोची ब्लू आणि हिल्सबरो विमानतळाच्या बाजूची रेड.

यॅमहिल: गाड्या पूर्वेकडे. ग्रेशमची ब्लू आणि पोर्टलंडच्या मोठ्या विमानतळाची रेड.

सहावं अव्हेन्यू: गाड्या उत्तरेकडे. एक्स्पो सेंटरची यलो, क्लॅकमसची ग्रीन, आणि मिलवॉकीहून येणारी ऑरेंज.

पाचवं अव्हेन्यू: गाड्या दक्षिणेकडे. पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीकडे (पीएसयू), आणि ऑरेंज असेल तर पुढे मिलवॉकीकडे.

पाचवं आणि सहावं मिळून जो पट्टा होतो त्याला ‘ट्रान्झिट मॉल’ म्हणतात. इथल्या मॉलचा खरेदीशी संबंध नाही. तो बसगाड्यांचा मॉल १९७७ पासून आहे, मॅक्स त्यावर २००९ मध्ये आली.

एक गंमत ऑरेंज आणि यलोची. मिलवॉकीहून उत्तरेला येणारी ऑरेंज डाउनटाउन ओलांडताना रंग बदलून यलो होते आणि एक्स्पो सेंटरकडे निघते. दक्षिणेला येणारी यलो तशीच ऑरेंज होते. गाडी तीच, पाटी वेगळी. त्यामुळे उतरायची गरज नसते. पाटी बदलताना पाहून घाईघाईने खाली उतरणारे नवे लोक हमखास दिसतात. पाटी बदलली म्हणून उठू नका, चालक ‘इथे गाडी संपली’ असं सांगेल तेव्हाच उठा.

दिशा कशी ओळखायची? विलॅमेट नदी डाउनटाउनच्या पूर्वेला आहे. अव्हेन्यू उत्तर-दक्षिण जातात आणि नदीपासून जितके दूर जाल तितका त्यांचा आकडा वाढतो. सहाव्यानंतर सातवं शोधू नका, त्या जागी ब्रॉडवे आहे. आडव्या रस्त्यांना नावं आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे ऑल्डर, मॉरिसन, यॅमहिल, टेलर, सॅमन असा क्रम लागतो. म्हणजे मॉरिसन उत्तरेला, यॅमहिल त्याच्या एक ब्लॉक दक्षिणेला. बर्नसाइड रस्ता शहराची उत्तर-दक्षिण फाळणी करतो आणि नदी पूर्व-पश्चिम. त्यामुळे पत्त्याआधीची ‘साउथवेस्ट’, ‘नॉर्थवेस्ट’ ही अक्षरं शोभेची नाहीत. साउथवेस्ट पाचवं, नॉर्थवेस्ट पाचवं आणि साउथईस्ट पाचवं या तीन वेगवेगळ्या जागा आहेत, तिसरी तर नदीपलीकडे. २०२० पासून नदीकाठच्या एका पट्ट्याला नुसतं ‘साउथ’ हे सहावं उपपद मिळालं आहे. जुने पत्ते आणि नवे पत्ते त्यामुळे कधीकधी जुळत नाहीत.

पैसे: गाडीत चढायच्या आधी

इथले दर २०२५ मधले आहेत. मोठ्यांचं एक तिकीट २.८० डॉलर, आणि ते अडीच तास चालतं. या अडीच तासांत मॅक्स, ट्रायमेटच्या बस आणि पोर्टलंड स्ट्रीटकार (मॅक्सहून छोटी ट्राम) यांत कितीही वेळा चढा-उतरा, उलट दिशेने परत या, वेगळे पैसे पडत नाहीत. डाउनटाउनमध्ये एखादं तासाभराचं काम असेल तर जाणं-येणं एकाच तिकिटात बसतं.

दिवसाला कमाल ५.६० डॉलर आणि महिन्याला कमाल १०० डॉलर कापले जातात. त्यापुढचा प्रवास फुकट. त्यासाठी पास आगाऊ काढावा लागत नाही, एकच कार्ड सतत वापरलं की हिशेब आपोआप लागतो. रोज जाऊन-येऊन ५.६० धरले तर अठराव्या दिवशी १०० पूर्ण होतात. महिन्यातून दहा-बारा दिवसच जाणार असाल तर १०० चा पास आधी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पैसे देण्याचे मार्ग असे:

हॉप कार्ड. प्लास्टिकचं कार्ड ३ डॉलरला किराणा दुकानांच्या मोठ्या साखळ्यांत मिळतं, त्यात वेगळे पैसे भरायचे. घेतल्याबरोबर ते आपल्या नावावर नोंदवा. नोंदवलेलं कार्ड हरवलं तर आतली शिल्लक नव्या कार्डावर घेता येते, न नोंदवलेलं हरवलं तर पैसेही गेले. फोनमधल्या वॉलेटमध्येही हॉप कार्ड ठेवता येतं.

बँकेचं टॅप होणारं कार्ड किंवा फोन. थेट टेकवा, मोठ्यांचं भाडं कापलं जातं.

स्टेशनावरचं यंत्र. त्यातून कागदी तिकीट मिळतं.

रोख. मॅक्सच्या डब्यात रोख चालत नाही. बसमध्ये चालते, पण सुटे परत मिळत नाहीत. तीन डॉलर टाकलेत तर वीस सेंट गेले.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. भारतीय बँकांची कार्डं रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे परदेशी व्यवहारांसाठी मुळातच बंद असतात. विमानतळावर रेड लाइनच्या यंत्रासमोर कार्ड नाकारलं जातं ते बहुधा याच कारणाने. निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅपने पैसे देणं, ही दोन्ही बटणं सुरू करून ठेवा. ओटीपी भारतातल्या सिमवर येणार असेल तर हे काम विमानात बसायच्या आधीच उरकलेलं बरं.

टॅप करताना होणाऱ्या चुका

मॅक्सचे रीडर फलाटावर असतात, डब्यात नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर दंड वाचेल. गाडी येताना दिसली, धावत जाऊन आत शिरलात आणि ‘आत टॅप करू’ असं ठरवलंत, तर आत टॅप करायला काहीच नसतं. पुढच्या स्टेशनावर उतरून टॅप करून पुढची गाडी घ्यावी, हाच सरळ मार्ग. बस आणि स्ट्रीटकारमध्ये मात्र रीडर आतच असतो, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

टेकवल्यावर हिरवी खूण आणि आवाज आला तरच झालं. लाल आलं तर शिल्लक नाही किंवा कार्ड वाचलं गेलं नाही. कार्ड झटकन फिरवू नका, क्षणभर टेकवून स्थिर धरा.

पाकीट जसंच्या तसं रीडरवर टेकवायची सवय घातक. आत हॉप कार्ड आणि बँकेचं टॅप कार्ड दोन्ही असतील तर रीडर जे आधी वाचेल त्यावर पैसे लावतो. मग सकाळचं भाडं हॉपवर, दुपारचं बँकेच्या कार्डावर, आणि दिवसाची कमाल मर्यादा कोणावरच पूर्ण होत नाही. हाच घोळ फोन आणि कार्ड आलटून-पालटून वापरल्याने होतो, कारण एकच खातं असलं तरी फोनमधलं कार्ड आणि हातातलं कार्ड यांना यंत्रणा दोन वेगळे प्रवासी समजते. एक साधन ठरवा आणि तेच वापरा. नवरा-बायको एकाच कार्डावर दोघांचं भाडं देऊ शकत नाहीत, माणशी एक कार्ड लागतं.

अडीच तासांच्या आत गाडी बदलतानाही प्रत्येक वेळी टॅप करायचं. पैसे पुन्हा कापले जात नाहीत, फक्त नोंद होते. उतरताना टॅप करायची गरज नाही.

फाटक नाही म्हणून तिकीट तपासत नाहीत असा समज करून घेऊ नका. तपासनीस हातातल्या यंत्राने तुमचं कार्ड वाचतात. विनातिकीट सापडल्यास पहिल्या वेळचा दंड ९० दिवसांत भरला तर ७५ डॉलर, पुढच्या वेळी वाढत जातो. ‘डाउनटाउनमध्ये मॅक्स फुकट आहे’ असं कोणी जुनाजाणता सांगेल. ते एकेकाळी खरं होतं. १९७५ मध्ये सुरू झालेली ती सवलत २०१२ मध्ये बंद झाली, पण तिची आठवण अजून फिरते आहे.

६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला अर्धं भाडं आहे: तिकीट १.४०, दिवसाला कमाल २.८० आणि महिन्याला २८ डॉलर. यासाठी इथलं नागरिकत्व लागत नाही, वयाचा पुरावा लागतो. आईबाबा चार-सहा महिने राहायला येणार असतील तर त्यांचं सवलतीचं हॉप कार्ड पहिल्याच आठवड्यात करून द्या. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही. ७ ते १७ वर्षांच्या मुलांनाही अर्धं भाडं, आणि ६ वर्षांपर्यंत काहीच नाही.

पहिला प्रवास: हिल्सबरोहून पीएसयू

हिल्सबरो-बीव्हर्टनकडे राहणारे मराठी लोक बरेच, आणि विद्यापीठ डाउनटाउनच्या दक्षिण टोकाला. म्हणून हाच प्रवास पायरीपायरीने पाहू.

१. तुमच्या स्टेशनावर ‘ग्रेशम’कडे जाणारी ब्लू किंवा ‘पोर्टलंड विमानतळ’कडे जाणारी रेड घ्या. डाउनटाउनपर्यंत दोन्हींचा रस्ता एकच, त्यामुळे आधी येईल ती. रेड पश्चिमेला हिल्सबरोच्या विमानतळ-फेअरग्राउंड्स स्टेशनापर्यंतच जाते, त्यापलीकडे राहत असाल तर ब्लूच. रेडच्या दोन्ही टोकांना विमानतळ आहे, म्हणून पाटी पूर्ण वाचा.

२. फलाटावर टॅप करा. गाडी थांबल्यावर दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघू नका. दारावरचं बटण पेटलं की दाबा.

३. सनसेट स्टेशन सोडल्यावर गाडी बोगद्यात शिरते. आतलं वॉशिंग्टन पार्क स्टेशन जमिनीखाली २६० फूट, म्हणजे ७९ मीटर खोल आहे आणि तिथून वर यायला लिफ्ट आहे. बोगद्यातून बाहेर आलात की गूज हॉलो, आणि तिथून डाउनटाउन सुरू. गाडी एकदम रखडत चालल्यासारखी वाटते. बिघाड नाही, ती आता रस्त्याच्या सिग्नलवर चालली आहे.

४. ‘पायोनियर स्क्वेअर साउथ’ला उतरा. तुम्ही यॅमहिलवर आहात. गाडी ज्या दिशेने पुढे गेली त्याच दिशेने, म्हणजे नदीकडे, पाचव्या अव्हेन्यूपर्यंत चाला.

५. पाचव्यावर ‘पायोनियर प्लेस’ स्टेशनावरून दक्षिणेची कुठलीही मॅक्स घ्या. पीएसयूपर्यंत सगळ्या रंगांचा रस्ता एकच. टॅप करायला विसरू नका. ‘पीएसयू अर्बन सेंटर / साउथवेस्ट फिफ्थ अँड मिल’ला उतरा.

आता खरा सल्ला. यॅमहिलपासून मिलपर्यंत नऊच ब्लॉक आहेत, म्हणजे चालत दहा-बारा मिनिटं. गाडीला पाच मिनिटांहून जास्त वेळ दिसत असेल तर चालत निघा, बरेचदा तुम्हीच आधी पोचाल. किंवा एक स्टेशन आधी, ‘लायब्ररी’ला उतरा आणि अकराव्या अव्हेन्यूवरून दक्षिणेला जाणारी नॉर्थ-साउथ स्ट्रीटकार घ्या. तीही विद्यापीठातूनच जाते आणि तिकीट तेच चालतं.

परत येताना सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. ‘फिफ्थ अँड मिल’च्या सहाव्यावरच्या जोडीदार स्टेशनावर, म्हणजे ‘सिक्स्थ अँड माँटगोमरी’ला, उत्तरेची गाडी घ्या. ‘पायोनियर कोर्टहाऊस’ला उतरा. मग मॉरिसनवर ‘पायोनियर स्क्वेअर नॉर्थ’ला जाऊन पश्चिमेची ब्लू किंवा रेड. चौक ओलांडताना सवयीने सकाळच्याच यॅमहिलवर गेलात तर विमानतळाच्या बाजूला निघाल.

विमानतळ ते डाउनटाउन

मॅक्सचं स्टेशन टर्मिनलच्या दक्षिण टोकाला, सामान ताब्यात मिळतं त्याच पातळीवर आहे. इथून फक्त रेड सुटते, त्यामुळे चुकायला वाव नाही. पायोनियर स्क्वेअरपर्यंत साधारण ४० मिनिटं. भाडं तेच २.८०, विमानतळ म्हणून जादा आकार नाही.

जाताना मात्र चूक होते. यॅमहिलवर ब्लू आणि रेड एकाच फलाटावर येतात, दोन्ही पूर्वेकडे जातात, आणि घाईत माणूस ब्लूमध्ये बसतो. घाबरू नका. गेटवे स्टेशनापर्यंत दोन्हींचा मार्ग एकच आहे. मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरून त्याच फलाटावर मागच्या रेडची वाट पाहा. गेटवेच्या पुढे ब्लूमध्येच बसून राहिलात तर मात्र ग्रेशमकडे गेलात.

बस आणि स्ट्रीटकार

ट्रान्झिट मॉलवर मॅक्स आणि बस एकाच रस्त्यावरून धावतात, पण प्रत्येक बस प्रत्येक ब्लॉकला थांबत नाही. थांबे बसमार्गांत वाटून दिले आहेत. तुमची बस डोळ्यांसमोरून न थांबता निघून गेली तर चालकाला दोष देण्याआधी खांबावरचे आकडे वाचा. प्रत्येक थांब्याला स्वतःचा क्रमांकही असतो. तो ट्रायमेटच्या ॲपमध्ये टाकला की पुढची गाडी किती मिनिटांत येते ते कळतं. छापील वेळापत्रकापेक्षा हा आकडा भरवशाचा.

स्ट्रीटकार मॅक्सहून छोटी आणि हळू. ए लूप आणि बी लूप नदीच्या दोन्ही काठांना वेढा घालतात, एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट. नॉर्थ-साउथ लाइन दहाव्या-अकराव्या अव्हेन्यूवरून जाते. उतरायचं असेल तर आधी बटण दाबून कळवा. दोन-चार ब्लॉकांसाठी स्ट्रीटकारची वाट पाहणं म्हणजे वेळ घालवणं.

सायकल असेल तर रुळांपासून जपा. रुळाच्या खाचेत सायकलचं चाक बरोबर मावतं, आणि तिरकं ओलांडायला गेलात की चाक अडकून माणूस आडवा होतो. पावसात ओला रूळ घसरडाही असतो. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा, वळणावर तर उतरून चाला. मॅक्सच्या डब्यात सायकल टांगायला आकडे असतात.

पायी चालणाऱ्यांनीही एवढं पाहावं की मॅक्सचा आवाज फारसा होत नाही. मॉरिसन-यॅमहिलवर गाडी एकाच बाजूने येते, पण नदीजवळच्या पहिल्या अव्हेन्यूवर दोन्ही दिशांचे रूळ शेजारीशेजारी आहेत. एक गाडी गेली की लगेच पाऊल टाकू नका, तिच्या आडून दुसरी येत असते.

गाड्या का रखडतात

सर्वात मोठं कारण स्टील ब्रिज. १९१२ चा हा दुमजली पूल उचलता येतो. ऑरेंज सोडून मॅक्सच्या सगळ्या रंगांच्या गाड्या नदी ओलांडायला याच्या वरच्या मजल्यावरून जातात. उंच जहाज आलं की वरचा मजलाही उचलावा लागतो आणि दोन्ही काठांवर गाड्यांची रांग लागते. पुलावर एका गाडीत बिघाड झाला तरी सगळे रंग अडकतात. ऑरेंज टिलिकम क्रॉसिंग या दुसऱ्या पुलावरून जाते, त्यामुळे ती या कोंडीतून सुटते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या पुलावर मोटारींना प्रवेश नाही. विमान पकडायचं असेल तर स्टील ब्रिजपायी एक गाडी आधीची धरा.

दुसरं कारण उन्हाळा. पारा ९५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या आसपास गेला की मॅक्सचा वेग कमी करतात. विदर्भातून आलेल्याला हसू येईल, पण कारण पक्कं आहे. वरची तांब्याची तार तापून लांबते. ती ताणून धरायला वजनं टांगलेली असतात, पण ती वजनं एका मर्यादेपर्यंतच खाली जाऊ शकतात. त्यापुढे तार सैल पडते आणि वेगात जाणारी गाडी ती ओढून तोडू शकते. रूळही प्रसरण पावून वाकण्याचा धोका असतो. जून २०२१ च्या लाटेत पारा ११६ फॅरनहाइटवर गेला तेव्हा मॅक्स पूर्ण बंद ठेवावी लागली होती.

हिवाळ्यात बर्फापेक्षा गोठणारा पाऊस वाईट. तारेवर बर्फाचं कवच चढतं, गाडीला वीज मिळत नाही, आणि रूळ बदलायचे सांधे गोठतात. अशा दिवशी ‘शटल बस’ हे शब्द ऐकू आले की गाडीच्या वेळेत किमान अर्धा तास मिळवा.

तिसरं कारण सामना. प्रॉव्हिडन्स पार्क स्टेडियमवर फुटबॉलचा सामना सुटला की तिथल्या फलाटावर उभं राहायला जागा नसते. पूर्वेकडे जायचं असेल तर एक स्टेशन मागे, गूज हॉलोला चालत जा. रिकाम्या डब्यात चढाल आणि प्रॉव्हिडन्स पार्कची गर्दी बसल्या जागी बघाल.

जुना नकाशा हातात असेल तर ‘मॉल / साउथवेस्ट फोर्थ’, ‘मॉल / साउथवेस्ट फिफ्थ’ आणि ‘किंग्ज हिल’ ही स्टेशनं त्यावर दिसतील. ती २०२० पासून बंद आहेत. शेजारच्या स्टेशनांना ती इतकी खेटून होती की दर ब्लॉक-दोन ब्लॉकला थांबण्यात गाडीचा वेळ जायचा.

रात्री

मॅक्स रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीनंतर गाड्या विरळ होत जातात आणि पहाटेपर्यंत बंद असतात. शेवटच्या गाड्यांची पाटी विशेष काळजीने वाचा. काही गाड्या पूर्ण टोकापर्यंत न जाता आगाराजवळच संपतात. पूर्वेला हे आगार रूबी जंक्शनला आहे, पश्चिमेला एल्मोनिकाला. ब्लू आहे म्हणून बसलात आणि रूबी जंक्शनला दिवे गेले, तर पुढची वाट पायी किंवा टॅक्सीने.

रात्री पहिल्या डब्यात, चालकाच्या जवळ बसा. दाराजवळ चालकाशी बोलायचं बटण असतं, कोणी त्रास देत असेल तर ते वापरा. तातडीचं नसेल तर ५०३-२३८-७४३३ वर मेसेज करून डब्याच्या आत-बाहेर लिहिलेला क्रमांक कळवा, म्हणजे माणसं नेमक्या गाडीत पोचतात. जिवावरचं असेल तर सरळ ९११. फलाटावर एकटं थांबायचं नसेल तर पायोनियर स्क्वेअरच्या चार स्टेशनांपैकी एकावर थांबा. तिथे उशिरापर्यंत माणसं असतात, आणि ब्लू-रेड दोन्ही येत असल्याने मॉरिसन किंवा यॅमहिलवर दोन गाड्यांमधलं अंतरही निम्मं होतं.